सुलोचना मेली तो दिवस

डबा ठेव खाली, दस्तगीरभाऊ. रंग काय पळून जात न्हाई. पाटीवर नाव काय लिहू, म्हनून मगाधरनं इचारतोयस आन मी गप हाय. तुला वाटलं आसंल, म्हातारी इसरली. इसरले न्हाई. नावं दोन हायती, आन त्यातलं एक आयकलंस की तू बुरूश टाकून पळशील. म्हनून आधी गोष्ट सांगते. च्या घे. गोष्ट कडू हाय, च्यात साखर तुझी तू घाल.

ह्याच आटपाडीतली गोष्ट. बाजाराचा दिवस हुता. तवा ही खानावळ अनसाक्काची, आन मी तिच्या हाताखाली रोजानं भाकरी थापत हुते. अनसाक्काला गुडघ्यांनी बेजार केलं हुतं. पुन्याची लेक तिला बोलवत हुती. तर तिनं ठरवलं, चूल, भांडी, जागा, समदं एकाला देऊन टाकायचं.

सकाळी मला म्हनाली, "सुले, तू घेतीस का? तुझा हात लोकांच्या जिभंवर बसलाय."

मी म्हनलं, "घेते की."

"नुसतं घेते म्हनून भागत न्हाई. दिस मावळायच्या आत इसार दे. त्यो चायनीजच्या गाडीवाला सारखा येऊन बसतोय. नोटा खिशात घिऊनच हिंडतोय. तू इसार दिलास तर त्येला वाटंला लावते. न्हाई दिलास तर मग मला बोल लावायचा न्हाई."

पैसं हुतं माझं. माझ्या मनगटाचं. आमचं मालक, बापू गळवे, त्यास्नी जाऊन वरीस बी झालं नव्हतं. त्यांच्या मागं मी कुनापुढं हात पसरला न्हाई. रोजाचं पैसं बँकेत टाकत हुते आन कार्ड चंचीत ठेवत हुते, सुपारी आन काताच्या संगट. मशीनमदी घालायच्या आधी पदरानं पुसायचं, एवढंच.

तर गेले. मशीनच्या दारात माने हवालदार बसायचा, मिल्ट्रीतनं आलेला. कार्ड कुठल्या अंगानं घालायचं, त्येनंच मला शिकवलं हुतं. घातलं. आकडं दाबलं. मशीन घुरघुरलं, आन कायतरी अक्षरं आली. मला सही येती आन यस्टीची पाटी वाचाय येती, त्याच्या म्होरं अंधार. मी वाट बघत उभी. कार्ड भायेर येईना, नोटा बी येईनात.

"हवालदार, काय म्हंतंय बगा जरा."

त्यो आत आला, वाचलं, आन टोपी मागं सारली. "मावशी, कार्ड ठेवून घेतलंय म्हंतंय."

"कुठं ठेवून घेतलंय?"

"आत."

"का? त्याच्या बापाचं हाय व्हय?"

"त्ये मला काय म्हाईत. बँकेत इचारा."

मी त्या मशीनला असा दनका दिला की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मान भायेर काढली.

"मावशी, वर कॅमेरा हाय," हवालदार म्हनला.

"बगू दे की. त्येला बी दिसू दे चोर कोन हाय."

लई राग आला हुता मला. आरं, मानसानं लुबाडलं तर त्याच्या मानगुटीला धरता येतंय. त्या खोक्याला मानगूट बी न्हाई.

बँकेत ही रांग. बाजारचा दिवस, शेरडं इकून आलेली मानसं पैसं भराय उभी. माझ्या मागं एक पटकेवाला धनगर हुता, त्याच्या घोंगड्याचा वास आजून ध्यानात हाय. माझी पाळी आली. खिडकीत चष्म्यातली एक पोरगी. मी पासबुक सरकवलं. तिनं खटाखटा दाबलं, पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत पडद्याकडं.

"मावशी, खातं कुणाचं आहे?"

"माझं."

"नाव?"

"सुलोचना बापू गळवे."

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"कुनाच्या?"

"सुलोचनाबाईंच्या."

"मीच सुलोचना."

पोरगी आवाज बारीक करून म्हनली, "मावशी, त्या वारल्यात."

मागचा धनगर मागं सरला. खरंच सरला. अर्धी रांग माझ्याकडं अशी बघाय लागली, जनू आताच मसनवटीतनं उठून आले.

"म्या वारले?" मी म्हनलं. "कधी? मला कळवायचं तरी की. सकाळधरनं भाकरी थापतीया, त्या भुतानं थापल्या व्हय?"

हसली मानसं. मला हसू येत न्हवतं. डोक्यात नुसता जाळ हुता. पोरगी उठली आन मला आतल्या सायेबाकडं घिऊन गेली. सायेब नवा, नागपूरकडचा, बोलायला मऊ.

"आई, बसा."

"बसते कशी. मेलेली मानसं बसत्यात व्हय?"

त्येनं गुमान पानी मागवलं, खाली मुंडी घालून पडद्यावरचं वाचलं आन मग सांगितलं. "तुमच्या मिस्टरांच्या खात्यावर वारस म्हणून सुलोचनाबाईंचं नाव होतं. त्यांच्या मुलानं, विलास गळवे यांनी, सुलोचनाबाई वारल्याचा दाखला आणून दिला. आता तेच वारस. आणि त्याच नावाचं, त्याच घरातलं हे दुसरं खातं दिसलं, म्हणून आमच्याकडून तेही बंद झालं. कार्डही."

"विलासनं दिला?"

"हो. खोटा नाही दाखला, आई. मी स्वतः पाहिला. ग्रामपंचायतीचा शिक्का आहे."

आता हितं थांब, दस्तगीर. न्हाईतर तुझा गुंता हुईल.

दाखला खरा हुता. सुलोचना बापू गळवे मेलीच हुती. ती मालकांची पैली बायकू. विलास रांगत हुता तवा ती गेली, आन पोराला बगाय म्हनून मला करून आनली. लग्नात ताटात तांदूळ पसरलं. नवरीचं नवं नाव नवऱ्यानं अंगठीनं तांदळात लिवायचं आसतंय, तुला ठावं आसंल. मालक अंगठी घिऊन थांबले आन आमची सासू मागनं म्हनली, "सुलोचनाच लिही. म्हंजी ती रुसायची न्हाई. पोराला आई तीच ऱ्हाईल." लिवलं. वर माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात तिचा टाक बांधला, चांदीचा, बाईची मूर्ती कोरलेला. दुसरेपनाच्या बायकूनं पैलीला गळ्यात वागवायची, म्हंजी ती घराला तरास देत न्हाई.

म्हंजी बग, मी त्या घरात शिरले ती मेलेल्या बाईच्या नावात, आन मेलेल्या बाईला गळ्यात घिऊन. माझं सोताचं नाव काय हुतं, कुनी इचारलं न्हाई. मला बी बरंच वाटलं हुतं. त्या नावाची मला लाज वाटायची. का, त्ये पुढं येतंय.

आन विलास. माझी कूस उजवली न्हाई, त्यामुळं त्योच. त्येला गोवर निघाला तवा लिंबाच्या पाल्यावर घिऊन बसले. वढ्याला पानी आलं की खांद्यावर घिऊन शाळंत सोडला. बारका आसताना झोपायचा कसा, सांगू? माझ्या गळ्यातला त्यो टाक मुठीत धरून. मूठ सोडवाय गेलं की रडायचा. आई म्हनायचा मला. दुसरं काय म्हननार? त्येनं दुसरी बघितलीच न्हवती.

तर त्या विलासनं मला मारलं हुतं.

मी तिथनं उठले ती थेट त्याच्या दुकानात. पेठंत खता-बियान्याचं दुकान हाय त्येचं, आजून हाय. गिऱ्हाईकं उभी. त्यो काट्यावर मका जोखत हुता.

मी दारातनंच म्हनलं, "विल्या, मी मेले व्हय रं?"

त्याच्या हातातलं माप तसंच ऱ्हायलं. "आई, आत ये. लोकं हायती."

"लोकं हायती म्हनूनच हितनं इचारते."

"काय झालंय एवढं?"

"कार्ड गिळलं माझं मशीननं. बँकेतली पोरगी म्हंती, सुलोचनाबाई वारल्यात. सायेब म्हंतोय, दाखला लेकानं दिला."

त्येनं गिऱ्हाइकांकडं बघितलं आन आवाज खाली घेतला. "मी खोटं काय दिलंय? माझी आई वारलीया. दाखला तिचा हाय. तुझं खातं बंद करा, म्हनून मी सांगितलं न्हवतं. बँकेनं गोंधळ घातला, त्येला मी काय करू?"

"वारस म्हनून मालकांनी नाव लिवलं हुतं, त्ये कुनाचं? मेलेलीचं लिवलं व्हय? खातं काढलं तवा मी शेजारी उभी हुते."

"नाव सुलोचना हाय."

"आन ती कोन, तुला ठावं न्हवतं?"

"दादांचा पैसा हाय त्यो. मी लेक हाय त्यांचा."

"मग मागायचा हुतास. तोंड हुतं की तुला. मी न्हाई म्हनले आसते, तर मग मारायचं हुतंस."

एक गिऱ्हाईक बियान्याची पिशवी न घेताच गेलं. मग विलास म्हनला, "आई, चार दिस थांब. मी बगतो काय करता येतंय त्ये."

आई म्हनत हुता बग. त्याच तोंडानं.

"चार दिस थांबून मी तेरवीचं जेवू व्हय? आज इसार द्यायचाय मला. दुकान बंद कर आन चल बँकेत. न्हाईतर मी हितं उंबऱ्यात बसते. मेलेल्या बाईला कोन उठवतंय बगू."

आला. पेठंतनं मी म्होरं आन त्यो मागं.

सायेबानं आमाला दोघास्नी समोर उभं केलं. काचंच्या पल्याड समदी रांग कान लावून. त्या धनगराचं काम कवाच झालं हुतं, तरी त्यो बाकड्यावर बसला हुता, गंमत बगाय.

"विलासराव, सरळ सांगा," सायेब म्हनला. "दाखल्यावरची तारीख फार जुनी आहे, ती आमच्या नजरेतून सुटली. दाखला कुणाचा?"

"माझ्या आईचा."

"आणि ह्या?"

विलास म्हनला, "ह्या... आमच्या घरातल्याच."

ह्या. आयकलंस का? दुकानात आई, आन सायेबाम्होरं ह्या.

सायेबाचा मऊपना सरला. "हे असं चालणार नाही. ह्या तुमच्या आई असतील, तर तुम्ही जिवंत बाईचा दाखला दिला. मग मला पोलिसात कळवावं लागेल. आणि त्या वेगळ्या असतील, तर तसं स्पष्ट सांगा. मी तसं लिहून घेतो आणि ह्यांचं खातं मोकळं करतो. तुमच्या आई आहेत का ह्या?"

विलासनं माझ्याकडं बघितलं. दस्तगीर, तुला सांगते, त्या घडीला मी इसार इसरले. खानावळ इसरले. कार्ड गेलं उडत. मला वाटलं, म्हनंल आता, आईच हाय, चुकलं माझं, हुईल त्ये हुईल. म्हनला आसता तर मीच सायेबाच्या पाया पडले आसते, सोडा म्हनले आसते पोराला, पैसा बी घे म्हनले आसते. निस्तं म्हनायला पायजे हुतं.

त्यो म्हनला, "न्हाई. ही माझी आई न्हाई."

मी म्हनलं, "मोठ्यानं सांग. बाकड्यावरच्या पावन्याला आयकू गेलं न्हाई."

"आई, कशाला..."

"मोठ्यानं."

"ही माझी आई न्हाई. वडलांची दुसरी बायकू हाय."

"झालं का लिवून सायेब?" मी इचारलं. सायेबानं मान हलवली. बाईला जित्ती ठरवाय तेवढंच वाक्य लागत हुतं. माझं खातं त्या वाक्यावर उघडलं. मालकांचा पैसा बी अडकला तिथंच, मग पुढं त्येची निम्मी वाटनी झाली, त्ये ऱ्हाऊ दे.

मग मी गळ्यात हात घातला आन टाकाचा दोरा वढला. जुना हुता, पटदिशी तुटला. विलासचा हात धरला आन टाक त्यात ठिवला.

"ही तुझी आई. आजवर मी वागवली. आता तू संभाळ. बारका हुतास तवा मुठीत धरून झोपायचास."

त्येची मूठ मिटली न्हाई बग. तसाच हात पसरून उभा, जनू इंगळ ठिवलाय. मग गेला. खिडकीतली पोरगी दारात येऊन नाक वढत हुती.

सायेब म्हनला, "आई, उद्या बँक उघडली की खातं चालू असेल. नवं कार्ड मागवतो. फक्त पुन्हा घोळ नको म्हणून विचारतो, तुमचं माहेरचं नाव काय?"

किती वर्सांनी कुनी इचारलं. मलाच आठवावं लागलं, तोंडात यायला.

"केराबाई," मी म्हनलं.

पोरगी रडता रडता फिसकन हसली, आन तोंडावर हात धरला. तुझ्यावानीच. हास, हास, काय न्हाई. केर म्हंजी उकिरड्यावर टाकायचा. मी बी जलमभर लाजले त्या नावाला. पर त्या पोरीला जे सांगितलं त्ये तुला सांगते. माझ्या आईची पोरं जगत न्हवती. एक झालं की एक जात हुतं. मी झाले तशी सुईनीनं मला सुपात घातलं आन न्हेऊन उकिरड्यावर ठिवलं. शेजारच्या बाईनं तिथनं उचललं आन आईच्या दारात येऊन म्हनली, "ह्यो केर कुनाचा पडलाय गं? घ्या तुमचा तुमी." तवा आईनं मला वटीत घेतलं. मरनानं दारात यावं, बगावं, आन म्हनावं, केरच हाय, ह्येला काय न्ह्यायचं. म्हनून केरा.

आईनं मला जगाय ठिवलेलं नाव हुतं त्ये. आन मी त्ये टाकून मेलेलीचं घालून हिंडत हुते.

पोरगी हसायची थांबली. मी म्हनलं, "सायेब, सुलोचनाला मेलेलीच ऱ्हाऊ द्या. तिचं मरान खरं हाय. मला माझ्या नावानं लिवा." त्येला बरंच काय काय लागलं मग, पंचायत, तहसील, चपला झिजल्या. पर लिवलं.

आता इसार. हातात एक नोट न्हाई, आन दिस कलला. आले तर चायनीजवाला हितं, ह्या बाकावर, मांडी घालून. अनसाक्का चुलीपशी.

"आनलास इसार?" तिनं इचारलं.

"न्हाई. मशीननं कार्ड गिळलं आन लेकानं आई गिळली. उद्या मिळतंय म्हंत्यात."

चायनीजवाला लगी उठला. "अक्का, उद्याचं कुनी बघितलंय? माझं आता घ्या. मावशी, तुमी दमलाय, घरी जावा."

त्येला उत्तर दिलं आसतं तर हातानं दिलं आसतं. पदर खवला, परात वढली, पीठ घेतलं आन भाकरी थापाय लागले. दुसरं मला काय येतंय? विलास म्हनून एक थाप, मशीन म्हनून एक थाप, सासू, तांदूळ, अंगठी, समद्यांच्या नावानं थापत ऱ्हायले. त्या दिवशीच्या भाकरी आशा पातळ झाल्या, कागदावानी, आन एकूनएक टम फुगली. बाजारची गिऱ्हाईकं जेवून गेली. शेवटाला त्यो धनगर बी आला, माझ्या हातची खाल्ली, आन जाताना म्हनला, "मेलेल्या बाईच्या भाकरीला चव हाय."

अनसाक्का समदं बघत हुती. तिनं ताटलीतनं एक भाकर मोडली, नुसती खाल्ली, आन चायनीजवाल्याला म्हनली, "इसार पोचला बाबा. तू जा."

"कुठं पोचला? मी हितंच बसलोय की."

"परातीत बग."

पैसं दुसऱ्या दिवशी दिलं. पर इसार त्यो.

अनसाक्काच्या नावाची पाटी मी तशीच ठिवली हुती, तिचा मान म्हनून. ती गेल्यावर बी काढली न्हाई. परवाच्या वाऱ्यानं खाली आली आन फुटली, तवा तुला बोलावलं. आजी म्हननारं कुनी आसतं तर म्हनलं आसतं, फ्लेक्स लाव. मला फ्लेक्स नको, उन्हानं पांढरा पडतोय.

विलास ह्याच रस्त्यानं दुकानाला जातोय. आत आला न्हाई कधी. पाटी त्येला लांबनं दिसंल आशी लाव.

मंग, कळलं का आता, काय लिवायचं? केराबाईची खानावळ. खान्याच्या जागंला केर, लोकं काय म्हंतील, म्हनशील तर म्हनू दे. हसत आत येतील, जेवून जातील. 'के' मोठा काढ, लाल रंगानं.

आन लिवून झालं की माझं एवढं एक काम कर, भाऊ. मला सुलोचना म्हनून सही येती, केराबाई लिवाय-वाचाय कुनी शिकवलंच न्हाई. लोकं समदी मावशी म्हंत्यात. तवा तिथं रस्त्यावर उभा ऱ्हा, आन मला पाटी मोठ्यानं वाचून दाखव. पर वाचल्यावानी वाचू नको. दारात उभं ऱ्हाऊन घरातल्या मानसाला हाक मारत्यात का न्हाई, तसं वाच.